खुन्याचे पाय

कॅमेरा चालू होता आणि मी बूट काढले.

बाकी काही केलं नाही. वाकलो, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काखेत मारले आणि अनवाणी पुढं पळालो. पळताना मनाशी म्हणत होतो, काय झकास जमतंय! तेवढ्यात मागून साहेब असे ओरडले की तळ्याकाठचे बगळे उडाले.

"कट! अरे कट! काय केलंस हे?"

'कट' म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, शाबासकी असेल. म्हणून मी आणखी जोरात पळालो. शेवटी बांधापलीकडून दोन माणसांनी मला धरून आणलं.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला कळायचं नाही. आमची मुलं म्हणतातच, दादा बैलाला शेपटाकडून दावं लावतात. तर पहिल्यापासून सांगतो.

मुळशीच्या धरणाकाठी आमचं गाव. त्या साली भातं निघाली होती, झोडणी चालली होती, आणि एके सकाळी मोटारी नि ट्रक घेऊन सिनेमाची कंपनी गावात उतरली. तळ्याकाठी एक जुना बंगला होता, तो त्यांनी भाड्यानं घेतला. पिच्चर खुनाचा. त्या बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा मारला जातो आणि डोक्याला हॅट घातलेला, तोंडात सिगारेट धरलेला गुप्त पोलीस येऊन खुनी हुडकून काढतो, अशी गोष्ट. तेव्हा गुप्त पोलिसांच्या पिच्चरचं वारंच होतं. पुण्याला जाऊन एखादा पिच्चर बघून आलेला गडी पुढं आठवडाभर डोळे बारीक करून बोलायचा, आणि घरातलं लोणी कुणी खाल्लं याचा तपास करायचा.

गावात जो तो पिच्चरमध्ये दिसायला तयार. मी सर्वांत पुढं. लग्नातला शर्ट, केसांना तेल, तोंडाला बायकोच्या डबीतली पावडर, असा मी रोज साहेबांच्या समोर जाऊन उभा राहायचो. साहेब म्हणजे दिग्दर्शक. भरल्या अंगाचे, गळ्यात मफलर, हातात सदा गुंडाळलेला कागद. त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही.

मग झालं असं की खुन्याचं काम करणारा नट तळ्याच्या उतारावर घसरला आणि त्याचा घोटा सुजला. आता खुनी कोण ते शेवटपर्यंत कळू द्यायचं नव्हतं, त्यामुळे खून करून पळताना त्याचे नुसते पायच दिसायचे होते. साहेब म्हणाले, "पायच ना? मग कुणाचेही चालतील. फक्त याच्याइतका उंच पाहिजे." आम्हाला ओळीनं उभं केलं. साहेबांनी आमच्या गुडघ्याखालून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबले.

"हा घ्या. आणि त्याला तोंड धुवायला सांगा. पावडर कसली लावलीय?"

पायात बूट घालायची माझी ती पहिलीच वेळ. ते दिसायला काळेभोर, चकचकीत. पण मला लई मोठे. पुढं पेंढा कोंबला तेव्हा कुठं ते पायात राहिले. चालताना वाटायचं, दोन्ही पायांना एकेक कासव बांधलंय आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

काम सोपं होतं. बंगल्याच्या मागल्या दारानं बाहेर पडायचं, उतारानं पळत यायचं, आमच्या चुलत्यांच्या खळ्यावरून आडवं जाऊन तळ्याकडं दिसेनासं व्हायचं. खळं शेणानं सारवून ओलं ठेवलेलं. त्यावर बुटांचे ठसे उमटायचे होते, आणि ते भिंगातून बघत गुप्त पोलीस माग काढणार होता. चुलत्यांनी खळं द्यायला हो म्हटलं होतं, पण त्यावरून बूट जाणार आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी दारातून बाहेर पडलो. उतारानं पळत आलो. खळ्याच्या कडेला आलो. आणि पुढचं सांगितलंच आहे.

साहेब लालबुंद झाले होते. "बूट का काढलेस?"

"खळं हाय, साहेब."

"मग?"

"मग म्हंजी? खळ्यावर पायताण घालून कसं जायाचं?"

"अरे, तू खून करून पळतोयस!"

"व्हय की."

"पोलीस लागलेत तुझ्या मागं!"

"लागू द्या की. पर हितं धान पडतं, साहेब."

कंपनीची माणसं पोट धरून हसायला लागली. चुलते काठीवर हनुवटी टेकून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "बूट घालून खळ्यावर आला असता तर दुसरा खून हितंच पडला असता. म्याच पाडला असता."

साहेब मात्र हसले नाहीत. ते खळ्यावरच्या माझ्या अनवाणी पावलांकडं बघायला लागले. कंपनीत गोष्ट लिहिणारे एक हडकुळे गृहस्थ होते. ते सकाळपासून बशीत चहा ओतत बसायचे, कारण गोष्टीचा शेवट त्यांना सापडत नव्हता. खुनी म्हणजे मेलेल्या म्हाताऱ्याचा पुतण्या, एवढं ठरलेलं. तो पुतण्या पिच्चरभर ऐटीत सांगत फिरतो की मी मुंबईत जन्मलो, मुंबईत वाढलो, खेडं कशाशी खातात मला ठाऊक नाही. सगळ्यांना ते पटतं. मग गुप्त पोलिसानं त्याला धरायचा कशावरून? इथं येऊन गाडं अडलं होतं.

साहेबांनी त्या गृहस्थांकडं बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बुटांचे ठसे खळ्याच्या कडेपर्यंत येतात," साहेब हळूच म्हणाले.

"आणि खळ्यावर अनवाणी पावलं!" गृहस्थ उठूनच उभे राहिले. "पलीकडं गेल्यावर पुन्हा बूट. अहो, मुंबईचा कसला तो? खळ्यावर वाढलेला आहे लेकाचा! जीव घेऊन पळतानाही हात नाडीकडं गेला त्याचा!"

साहेबांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की काखेतले बूट खाली पडले. "गड्या, खुनी तू पकडून दिलास!"

मी घाबरून म्हणालो, "न्हाई साहेब, म्या काय बी केलं न्हाई."

सगळे खुनी असंच म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

मग तेच पुन्हा करायला लावलं. कॅमेरा जमिनीला टेकवून माझ्या पायांच्या पुढ्यात ठेवला. आता मुद्दाम काढायचे म्हटल्यावर बूट निघेनात. नाडीची निरगाठ बसली, पेंढा बाहेर आला, एकदा तर मी बूट काढून बुटांनाच नमस्कार केला. पण उन्हं कलायच्या आत जमलं. साहेब म्हणाले, "हे पिच्चरमध्ये राहणार, काळजी करू नकोस." कंपनी गेली. तळं पुन्हा बगळ्यांचं झालं.

आमच्या घराण्यात खोटं कुणी बोलत नाही. फक्त खरं जरा चढतं वाढतात, पाव्हण्याच्या ताटात भात वाढावा तसं. त्यामुळे होळीपर्यंत मी गावभर सांगत होतो की पिच्चरमध्ये माझे पाय आहेत; होळीनंतर सांगायला लागलो की पिच्चरच माझ्या पायांवर उभा आहे. गावानं शूटिंग डोळ्यांनी पाहिलेलं, तरी लोक म्हणायचे, "कापून टाकला आसंल तेवढा तुकडा. शिंपी बी कापतोच की." मी हसण्यावारी न्यायचो.

पण बायकोला ते हसण्यावारी नेता आलं नाही. तिचं माहेर कासार आंबोलीचं. लग्नाला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. ती माहेरी गेली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "आमचं ह्ये सिनेमात हायेत."

थोरल्या भावजयीनं विचारलं, "आगं बया! कंचं काम केलं?"

"पायाचं."

झालं! चुलीपुढं हशा उसळला. थोरली म्हणाली, "वन्सं, पाय तर आमच्या धन्याला बी हायेत. त्येंला का न्हाई नेलं?" धाकटी म्हणाली, "आवो, तोंड फुडल्या पिच्चरला दावणार आसतील, हप्त्याहप्त्यानं!" मामा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून ऐकत होते. ते मिशीतून हसले. त्यांचंही बरोबर होतं. सोयरीक ठरताना मी आमच्या गोठ्यातल्या म्हशी सांगताना शेजाऱ्यांच्या दाव्याच्याही धरल्या होत्या, ते त्यांना लग्नानंतर कळलं होतं. तेव्हापासून माझ्या बोलण्यावर ते 'हूं' एवढंच म्हणायचे.

बाप हसला ते हिला लागलं. ताटावरून उठली आणि म्हणाली, "पिच्चर यिऊ द्या. सगळ्यांनी बघायचा. त्यात ह्येंचं पाय दिसलं न्हाईत तर ह्या उंबऱ्याला मी पुन्यांदा पाय लावणार न्हाई. आन् दिसंपातूर बी येनार न्हाई."

बोलली ती बोलली. नागपंचमीला गेली नाही. दिवाळीला भाऊ न्यायला आला, तर त्याला चहा पाजला, फराळाचं बांधून दिलं आणि दारातून परत लावला. तो वळणाआड जाईपर्यंत उभी होती. मग आत जाऊन जात्यावर बसली. दळण संपलेलं होतं, तरी जातं चालूच होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या गमतीखाली कुणाचं तरी माहेर दबलंय. मी म्हणालो, "आगं, जा की. मी सांगतो मामास्नी, गंमत केली म्हून."

"म्हंजी पाय न्हाईत?"

"हायेत गं, पर—"

"मग गप बसा."

आणि थंडीत एक दिवस गावातून भोंगा लावलेली गाडी फिरली. पौडला तंबू लागला होता आणि तंबूत आमचा पिच्चर लागला होता. हिनं हातातली घागर खाली ठेवली. तोंडानं एवढंच म्हणाली, "आला." त्याच दिवशी माहेरी सांगावा गेला: समद्यांनी या.

मला भूक लागेना. कारण तंबूवाल्यांची एक खोड मला ठाऊक होती. उशीर झाला की ते पिच्चरचे तुकडे गाळायचे. गाणी उडवायचे, रडणं आखडतं घ्यायचे. म्हणून माहेरची माणसं येणार त्या दिवशी दुपारीच मी पौडला जाऊन तंबूच्या मालकाला गाठलं. तो खाटेवर पडून पान लावत होता.

"मालक, आज खळ्याचा शीन तेवढा कापू नका."

"कंचं खळं?"

"खुनी पळतो बगा, बूट काढून."

"मी पिच्चर लावतो, पाव्हणं. बघत न्हाई."

"आवो, माझ्या बायकूचं माहेर हाय त्यात!"

तो उठून बसला. म्हणाला, "तळं हाय, बंगला हाय, येवढं ऐकलंय. माहेराचा शीन असल्याचं कोन बोललं न्हाई." आणि पुन्हा आडवा झाला.

दिवेलागणीला तंबू भरला. मधोमध कनात, अलीकडं गडीमाणसं, पलीकडं बायका. सासरे पुढं मांडी घालून बसले, त्यांच्या एका बाजूला मेव्हणे, दुसऱ्या बाजूला मी. कनातीपलीकडून भावजयांची खुसखूस ऐकू येत होती. बाहेर इंजिन धडधडायला लागलं आणि पडद्यावर आमचं तळं आलं. तंबूत एकच गलका! जो तो शेजाऱ्याला सांगायला लागला, "आपलं तळं! आरं, आपलं तळं!" जसं काही त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

बंगला आला. म्हातारा आला. दिवा विझला, किंकाळी झाली. मागलं दार उघडलं आणि बूट बाहेर पडले. काळे, चकचकीत.

बूट उतारानं पळत सुटले. कनातीपलीकडून थोरलीचा आवाज, सगळ्या तंबूला ऐकू जाईल असा: "वन्सं, बूट काय, कुणाचं बी आसत्यात!" बायका हसल्या. सासरे म्हणाले, "हूं."

बूट खळ्याच्या कडेला येऊन थांबले. दोन हात खाली आले, नाडी सुटली. बूट गेले. आणि पडदाभर, तंबूच्या दाराएवढे, माझे दोन पाय उभे राहिले.

आता माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट वाकडं आहे. लहानपणी बैलानं पाय दिला, तेव्हापासून ते अंगठ्यावर चढून बसलंय. एरवी ते बोट कुणाच्या डोळ्यांत येणारं नाही. पण पडद्यावर ते केवढं दिसावं? उखळातल्या मुसळाएवढं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी सासरे उठून उभे राहिले. त्यांच्या पागोट्याची सावली पडद्यावर पडली. मागचे ओरडले, "म्हातारबा, खाली बसा!" ते कसले बसतात! ज्या माणसानं मला लग्नापासून 'हूं'च्या पलीकडं शब्द दिला नव्हता, तो हात वर करून गर्जला:

"आरं, ह्ये पाय म्या धुतल्यात! ह्या हातांनी! मांडवात, तांब्याच्या परातीत! ह्ये वाकडं बोट म्या पुसलंय! माजं जावाय हायेत त्ये!"

तंबू उठला. टोप्या उडाल्या. शिट्ट्या, आरोळ्या, "जावाय! जावाय!" यंत्र चालवणाऱ्याला वाटलं मारामारी झाली, त्यानं यंत्रच बंद केलं. मालक कंदील घेऊन धावत आला. "काय झालं? कुणी कुणाला मारलं?"

सासरे म्हणाले, "माज्या जावायानं म्हाताऱ्याला मारलं! पुन्यांदा दावा!"

"वन्स मोअर!" सगळा तंबू ओरडला. गाण्यांना वन्स मोअर मिळालेला मी पुष्कळदा ऐकला होता, पण पायांना मिळालेला तो पहिलाच. मालकानं एकदा गर्दीकडं पाहिलं, एकदा माझ्या पायांकडं, आणि रीळ मागं घ्यायला लावलं. माझे पाय पुन्हा उतारानं पळत आले. या खेपेला नाडीला हात गेला तसा सगळा तंबू एका सुरात ओरडला, "काढ! काढ!" आणि मी काढले.

पुढचा पिच्चर कुणाला सांगायला नको होता. गुप्त पोलीस भिंग घेऊन खळ्यावर वाकला, कपाळाला आठ्या घालून विचार करू लागला, तर लोकच त्याला ओरडून सांगत होते, "गावचा हाय! आरं, गावचाच हाय त्यो!" शेवटी त्यानं सगळ्या संशयितांना खळ्यावर बोलावलं. डॉक्टर बूट वाजवत आला, वकील आला, आणि तो मुंबईचा पुतण्या कडेला थबकला. बोलता बोलता, ध्यानीमनी नसताना वाकला, हात नाडीकडं गेला. तिथंच गुप्त पोलिसानं त्याचं मनगट धरलं. तंबूत असा जल्लोष झाला की शेवटची वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. पुतण्याबद्दल मात्र लोकांना वाईट वाटलं. एक जण बाहेर पडताना म्हणाला, "खून केला त्यो केला, पर वळण चांगलं होतं."

बाहेर गाड्या जुंपेपर्यंत माझ्याभोवती ही गर्दी. ज्याला त्याला बोट बघायचं. थोरली भावजय पदराआडून म्हणाली, "पाव्हणं, आमी आपली चेष्टा केली हं." धाकटी म्हणाली, "मी तर बुटावरनंच वळखलं हुतं." ही सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दिवाळीला घरात पणती लावली, पर उजेड पडला न्हाई बग. चल आता." मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, 'हूं' म्हणतील. पण त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "पाय जपा, पाव्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडची गाडी न्यायला येणार होती. रात्री घरी परतताना मी बैल हाकत होतो आणि ही मागं पेंढ्यावर बसली होती. मी तिला तिसऱ्यांदा सांगत होतो की साहेबांना दिसला असता तर माझा चेहराही काही वाईट नव्हता. पुढल्या पिच्चरला नक्की घेतील. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"उद्या तुमी बी चला माहेरी. तोंड काय, न्हाई दावलं तरी चालंल."